एक्केचाळीस टक्के लघाटे

"दाढ ती काय! शनिवारी काढायची, रविवारी विसरायची आणि सोमवारी कामावर!"

निरंजन लघाटेने हे वाक्य दाढ काढायच्या आधी इतक्या जणांना ऐकवलं होतं, की त्याची अक्कलदाढ नक्की कुठल्या बाजूला आहे हे झाशीत त्याच्या घराजवळच्या दतिया गेटच्या भाजीवाल्यालासुद्धा ठाऊक झालं होतं. खालची, उजवी, आडवी. आडवी म्हणजे अगदी आडवी! शेजारणीच्या अंगावर पाय टाकून झोपलेली. डॉक्टरांना हिरडी कापावी लागली, दाढेचे तुकडे करावे लागले आणि वरून टाके घालावे लागले. एवढं होऊनही खुर्चीतून उठताना निरंजनने दोन्ही अंगठे वर करून दाखवले. बधिर झालेला माणूस शूरच असतो.

मग डॉक्टर एक वाक्य बोलल्या आणि तिथून सगळं बिघडलं.

"काका, त्या गुठळीला तेवढं जपा हं."

डॉक्टर कमलिनी साताऱ्याकडची. नवरा फौजेत, जवळच्या बबिना छावणीत पोस्टिंग, आणि हिचा दवाखाना झाशीत, सिव्हिल लाइन्समध्ये. मराठी पेशंट आला की तिला माहेरचं कुणी आल्यासारखं व्हायचं. चव्वेचाळीस वर्षांच्या निरंजनला 'काका' ही हाक एरवी झोंबली असती. पण आत्ता त्याचं लक्ष भलत्याच शब्दावर अडकलं होतं.

"उठई?" त्याने कापसाच्या बोळ्याआडून विचारलं.

"रक्ताची गुठळी हो! दाढ काढली तिथं बसलीय. झाकण समजा. ते झाकण निघालं तर खालचं हाड उघडं पडतं आणि मग असल्या कळा येतात की दाढ परवडली म्हणाल! म्हणून थुंकायचं नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही, गरम प्यायचं नाही, जड उचलायचं नाही. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडून मोकळी द्यायची. चार-पाच दिवस घरी बसा. आणि टेन्शन घेऊ नका!"

टेन्शन घेऊ नका! निरंजनला हे सांगणं म्हणजे म्हशीला चिखलात बसू नको म्हणणं! हा माणूस गॅस बंद केला का ते पाहायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारा; आणि पाहून झाल्यावर, आपण नीट पाहिलं का, म्हणून पुन्हा परत येणारा!

घरी आल्यापासून तो पलंगावर ताठ बसून राहिला. मान वळवायची तर अख्खं धड वळवायचा. गिळताना डोळे मिटायचा. मोबाइलवर त्याने गुठळी निघाल्यावर काय होतं त्याची चित्रंसुद्धा पाहिली आणि मग ती पाहिल्याबद्दल स्वतःलाच शिव्या दिल्या. मनातल्या मनात. तोंडाने दिल्या तर गुठळी हलेल!

रविवारी गाल सुजला. उजव्या गालात कुणी अख्खा पेरू ठेवून विसरून गेलंय, असं वाटावं इतका सुजला. नववीतली मुलगी स्वरदा त्याच्याभोवती एक चक्कर मारून आली आणि टाळ्या पिटत म्हणाली, "पप्पा, इधर से आप एकदम सुमेध काका! सच्ची! आई, बघ ना, इकडून पप्पा, तिकडून काका!"

सुमेध हा निरंजनचा धाकटा भाऊ. ग्वाल्हेरला शाळेत मास्तर. दोघांचं नाक, कपाळ, पडलेले केस, सगळं एकाच साच्यातलं. फरक एवढाच, की निरंजनचे गाल आत आणि सुमेधचे बाहेर.

"स्वरू, हसवू नकोस त्यांना, टाके आहेत," अनुश्री म्हणाली आणि स्वतःच पदर तोंडाला लावून आत पळाली.

अनुश्री मुलींच्या शाळेत संगीत शिकवायची. गाणाऱ्या माणसासारखी शांत, आणि ताल चुकला की तितकीच कडक. रात्रीची पेज थंड करून त्याच्यापुढे ठेवताना तिने ठणकावलं, "अहो, उद्या घरीच. मी शाळेतून येईपर्यंत पलंग सोडायचा नाही. वचन द्या."

निरंजनने मान हलवली. फार नाही, गुठळीला धक्का लागू नये इतपत.

आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यात एरच घोळत होतं.

त्याचं असं झालं होतं. निरंजन ग्वाल्हेर रोडवरच्या द्वारका सेठच्या बियाण्यांच्या गोदामावर माल रवाना करायचं काम बघायचा. सेठचा एक लहान डेपो एरचला होता. तिथला माणूस काम सोडून गेला होता आणि सेठने गेल्याच महिन्यात सगळ्यांना एका ओळीत उभं करून सांगितलं होतं, "रबी की बुआई में जिसकी हाज़िरी ढीली, वो एरच जाएगा! बस!"

एरच वाईट नाही. बेतवेकाठचं जुनं, देखणं गाव. निरंजनला सहलीला फार आवडायचं. पण सहलीहून परत येता येतं! स्वरदाची शाळा, अनुश्रीची नोकरी, घर, सगळं झाशीत. आणि आपण एकटेच तिथे नदीकडे बघत बसलोय आणि रात्री गॅस बंद आहे का ते बघायला उठतोय, असं चित्र त्याला रोज दिसायला लागलं होतं.

त्यातून आता हजेरी फसवायचीही सोय नव्हती. मध्यंतरी गोदामावरच्या एका इसमाच्या जागी त्याचा भाऊच कामाला येत होता आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं! सेठचा असा भडका उडाला की जुना दरवान गेला, नवा आला, आणि दारात चेहरा ओळखणारं यंत्र बसलं. यंत्रासमोर चेहरा धरायचा. यंत्र ओळखणार, नाव घेऊन धन्यवाद म्हणणार आणि हजेरी थेट सेठच्या मोबाइलवर!

आजारपणाची रजा मागावी, हे निरंजनला सुचलं होतं. पण रजा मागितली म्हणजे हजेरी ढिली, हजेरी ढिली म्हणजे एरच! त्याच्या डोक्यात हे दोन्ही डबे एकाच इंजिनाला जोडलेले होते.

सोमवारी सकाळी अनुश्री आणि स्वरदा शाळेला गेल्या. त्यांच्या रिक्षाचा आवाज गल्लीच्या तोंडाशी विरला, तसा निरंजन पलंगावरून उठला. खबरदारी म्हणून दाढेच्या जागी कापसाच्या जाळीची नवी घडी धरली, सूज दिसू नये म्हणून मफलर नाकापर्यंत गुंडाळला आणि चोरासारखा घराबाहेर पडला. दुपारी अनुश्री यायच्या आत परत येऊन पलंगावर आडवं व्हायचं, असा बेत.

स्कूटरचं हेल्मेट गालावर बसेना, म्हणून ई-रिक्षा केली. झाशीच्या रस्त्यांतले खड्डे त्याला पाठ होते, पण आज प्रत्येक खड्डा गुठळीचा वैरी! रिक्षा आदळली की हा दोन्ही हातांनी जबडा धरायचा आणि मफलरमधून ओरडायचा, "ईए! ईए!"

"का कै रये, बाबूजी?" रिक्षावाल्याने विचारलं.

"ईए अओ!"

'धीरे चलो' असं त्याला म्हणायचं होतं. रिक्षावाल्याला वाटलं, बाबूजींना ओकारी येतेय. त्याने रिक्षा पळवली ती थेट गोदामापर्यंत.

दारात नवा दरवान रामसेवक काठी घेऊन उभा होता. त्याने मफलर गुंडाळलेला माणूस पाहिला आणि काठी आडवी धरली. "काय भैया, कितै घुसे जा रये?"

निरंजनने यंत्राकडे बोट केलं. मफलर खाली ओढला. यंत्रासमोर उभा राहिला. यंत्राने हिरवी चौकट काढली, चौकट त्याच्या चेहऱ्यावर फिरली, थबकली, लाल झाली आणि आतली बाई गोड आवाजात म्हणाली, "क्षमा कीजिए. चेहरा मेल नहीं खाता."

निरंजनने मफलर आणखी खाली ओढला. त्याने पुन्हा तोंड पुढे केलं. डावी बाजू दाखवली. गाल हाताने आत दाबून पाहिला आणि कळ थेट डोळ्यांपर्यंत गेली. बाई पुन्हा गोड आवाजात क्षमा मागून मोकळी!

"हओ!" रामसेवक यंत्राकडे काठी दाखवत विजयाने म्हणाला. "हम तो पैलें सेई कै रये ते! ऐसो मों ई में हैई नइयां!"

मागे रांग थांबली होती, पण त्या भावाच्या भानगडीनंतर कुणाची साक्ष द्यायला कुणी धजत नव्हतं. रांगेतून यंत्राची देखभाल करणारा नीरज पुढे आला. हा कॉम्प्युटर शिकलेला, सज्जन मुलगा; पण त्याचा माणसांपेक्षा पडद्यावर जास्त विश्वास. त्याने निरंजनकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा निरंजनकडे पाहिलं.

"लगते तो लघाटे सर जैसे हैं," तो म्हणाला. "पर मशीन इकतालीस परसेंट बता रही है."

एक्केचाळीस टक्के! चौदा वर्षं ज्या दारातून आत गेला त्या दारात निरंजन लघाटे निम्माही उरला नव्हता!

"मै ई इअंअन ऊँ!" तो जबडा न हलवता, जमेल तेवढ्या कळवळ्याने म्हणाला.

"क्या बोल रहे हैं?"

"इअंअन! अगाटे!"

"साब, जा तो कोऊ परदेसी आय," रामसेवकने निकाल दिला आणि त्याचा दंड धरून त्याला सेठसमोर नेलं.

द्वारका सेठ गादीवर बसला होता. चष्मा नेहमीसारखा कपाळावर. तो डोळ्यांवर कधी आलेला कुणी पाहिला नव्हता. समोर उघड्या दारातून चण्याची पोती हलवणं चालू होतं आणि हवेत धुळीचा पडदा तरंगत होता. निरंजनला उभं केलं ते नेमकं उजव्या अंगाने. सेठने डोळे बारीक केले आणि एकदम ओळखीचं हसू चेहऱ्यावर आणलं.

"अरे! ये तो लघाटे जी के भाई हैं! ग्वालियर वाले! दिवाली पे आए थे, लड्डू खाए थे हमारे यहाँ!"

निरंजनने मान हलवली. नाही नाही म्हणून हलवली, पण गुठळीपायी इतकी थोडी हलवली की ती हो सारखी दिसली.

सेठचं हसू मावळलं. चेहरा लाल व्हायला लागला. "अच्छा... तो ये बात है! भाई की जगह भाई! फिर से! और वो भी लघाटे जी? चौदह साल का आदमी?" त्याने कपाळावर हात मारला. "भाईसाहब कहाँ हैं आपके?"

निरंजनने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"हाँ हाँ, दिल में तो हैं. पर इस वक़्त कहाँ हैं?"

आता पुरावाच द्यायला हवा होता. निरंजनने मोबाइल काढला. त्यात आधार कार्डाचा फोटो होता, लग्नाचा होता, याच गोदामातला सेठबरोबरचा होता! मोबाइल चेहऱ्यासमोर धरला. मोबाइलनेही ओळख द्यायला नकार दिला. मग तो आकडे टाकायला लागला. पण आकडे गेल्याच आठवड्यात स्वरदाने बदलून दिले होते, आणि घाईत एका आकड्याच्या जागी दोन उमटत होते. शेवटी मोबाइलने सांगितलं, थोड्या वेळाने प्रयत्न करा.

"अपना ही फ़ोन नहीं खुल रहा!" सेठ नीरजला म्हणाला. "लगाओ, लघाटे जी को फ़ोन लगाओ!"

नीरजने निरंजनचा नंबर लावला. निरंजनच्या हातातला मोबाइल वाजायला लागला.

निरंजनच्या चेहऱ्यावर आशेचा किरण उमटला. बघा! माझाच नंबर, माझ्याच हातात!

"देखा?" सेठ गरजला. "फ़ोन भी दे के भेजा है! पूरी तैयारी से!"

किरण मावळला. सेठने मग ग्वाल्हेरला सुमेधचा नंबर लावायला सांगितला; सुमेध वर्गात असणार, त्याचा फोन बंद. "बंद तो होगा ही, ये यहाँ जो खड़े हैं!" आणि शेवटी सेठने जे करायला नको होतं ते केलं. त्याने अनुश्रीला फोन लावला. सगळ्यांना ऐकू येईल असा.

निरंजन जागच्या जागी गारठला. एरच एकीकडे, गुठळी एकीकडे. पण बायकोला दिलेलं वचन! त्याने दोन्ही हात जोडले, सेठला खुणा केल्या, नको, नको! सेठला वाटलं, चोर गयावया करतोय.

"नमस्ते भाभी जी," सेठ मधाळ आवाजात म्हणाला. "निरंजन जी कहाँ हैं?"

"नमस्ते सेठ जी," पलीकडून अनुश्रीचा आवाज आला. मागे मुली सा रे ग म म्हणत होत्या. "घर पर हैं जी. दाढ़ निकलवाई है ना उन्होंने. पलंग पर लेटे हैं. मैं ख़ुद लिटाकर आई हूँ."

"पक्का?"

"एकदम पक्का! मुझसे वादा किया है. वो वादा तोड़ने वाले आदमी नहीं हैं."

सेठने फोनवर हात न ठेवता सगळ्यांकडे एक नजर फिरवली. आता काही उरलंच नव्हतं! निरंजनने घाम पुसायला मफलर सोडला. त्याबरोबर मफलरवर साठलेली चण्याची धूळ थेट नाकात गेली.

शिंक!

ती आली नाकाच्या मुळाशी. निरंजनचे डोळे पांढरे झाले. दाबायची नाही, दाबायची नाही! पण तोंड उघडायचं तर टाके ताणणार! त्या एका क्षणात त्याने दोन्ही बाजूंचा इतका विचार केला की शिंकेलाच कंटाळा आला असावा. ती स्वतःच्या जोरावर बाहेर पडली. "हाऽऽऽक्‍छ्याऊऽऽ!" खिडकीची तावदानं वाजली. पोती उचलणाऱ्यांनी पोती टाकली. तोंडातली जाळीची घडी गोळीसारखी सुटली आणि सेठच्या गादीवर, अगदी सेठच्या मांडीजवळ, जाऊन पडली. पांढरी आणि मधोमध लाल.

सेठ किंचाळून भिंतीला टेकला. रामसेवक "अरी मोरी मताई!" म्हणून दाराबाहेर गेला.

निरंजनने तो लाल ठिपका पाहिला. तो मटकन खाली बसला. "गेली!" त्याच्या तोंडून चक्क स्पष्ट मराठी बाहेर पडलं. "गेली! गेली!"

"कौन गई?" सेठने भेदरून विचारलं.

फोनवरचं सा रे ग म एकदम थांबलं होतं. "सेठ जी," अनुश्रीचा आवाज बदलला होता. "ये जो अभी छींका, वो कौन है?"

"निरंजन जी के भाई हैं, भाभी जी. उनकी जगह हाज़िरी लगाने आए हैं."

"ये छींक भाई-वाई की नहीं है!" अनुश्री म्हणाली. "सत्रह साल से सुन रही हूँ! ये सुर उन्हीं का है!" आणि फोन कटला.

सेठने फोनकडे पाहिलं. "छींक का क्या है," तो पुटपुटला, पण आता त्याचा आवाज पूर्वीसारखा गरजत नव्हता. "भाई-भाई की एक जैसी होती है."

पुढचा वेळ निरंजन त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर कसा बसला, ते त्याचं त्यालाच माहीत. रामसेवकने माणुसकीने वाफाळता चहा आणला. त्याने मान फिरवली. कुणी फ्रूटीचा डबा दिला, स्ट्रॉसकट. तो स्ट्रॉ पाहून अंग चोरून बसला. तो कळांची वाट बघत होता. आता येतील, आता सुरू होतील. हाड उघडं पडलंय, वारा लागतोय, म्हणून त्याने ओठ गच्च मिटून घेतले. नोकरी गेली, वचन गेलं, गुठळी गेली. एका शिंकेत माणसाचं किती जाऊ शकतं!

बाहेर स्कूटर थांबली. अनुश्री आत आली आणि तिच्यामागून डॉक्टर कमलिनी, पांढरा कोट तसाच अंगावर. फोनवर 'गेली' ऐकून अनुश्रीने घरून स्कूटर काढून आधी दवाखाना गाठला होता.

अनुश्री निरंजनसमोर उभी राहिली. तिने नुसतं पाहिलं. त्या पाहण्यापेक्षा निरंजनला कळा परवडल्या असत्या.

"भाभी जी, ये कौन हैं?" सेठने नम्रपणे विचारलं.

"कालपर्यंत माझे मिस्टर होते," अनुश्री मराठीतच म्हणाली. मग हिंदीत, "इन्हीं से पूछिए."

"थांबा, मी सांगते," डॉक्टर कमलिनीने हातमोजे चढवले. "मला चेहरे लक्षात राहत नाहीत. काका, तोंड उघडा."

निरंजन तोंड उघडेना. वारा लागेल!

"उघडा म्हणते ना!"

उघडलं. जेमतेम दोन बोटं. डॉक्टरने मोबाइलचा उजेड आत टाकला, वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "हे बघा, हे माझे टाके! अशी गाठ झाशीत दुसरं कुणी मारत नाही. आडवी, खालची, उजवी. लघाटेकाकाच आहेत हे!"

"अन उठई?" निरंजनने विचारलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"गुठळी? आहे की जागेवर! छान बसलीय. शिंक तोंड उघडून दिलीत ना? शाब्बास! आणि तो लाल ठिपका म्हणजे थुंकीत मिसळलेलं थेंबभर रक्त. त्याला कशाला घाबरताय?"

निरंजन रडला. गोदामातल्या सगळ्यांसमोर, पोती उचलणाऱ्यांसमोर, चक्क रडला. गेल्या दोन दिवसांत त्याने गुठळीचा जेवढा विचार केला होता तेवढा पोटच्या मुलीचाही केला नव्हता, हे त्याला तेव्हा जाणवलं आणि त्यामुळे तो आणखी रडला.

सेठ खाली उतरला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, वाकून निरंजनच्या तोंडात पाहिलं आणि मान डोलावली. "हाँ भई. हैं तो लघाटे जी ही."

जसा काही तो त्याला आतून ओळखत होता!

"पर लघाटे जी," सेठ शेजारी बसत म्हणाला, "ऐसी हालत में आए क्यों? छुट्टी माँग लेते! कौन मना करता?"

निरंजनने मान खाली घातली. "एअच," तो पुटपुटला.

"एरच?" सेठ हसायला लागला. "एरच तो हमने अपने साले को दे दिया! पिछले ही हफ़्ते! बताया नहीं किसी ने?"

कुणी सांगितलं नव्हतं. नीरजने पडद्यात डोकं घातलं.

शरमेपोटी सेठने तिथल्या तिथे हुकूम सोडला: लघाटे जींची आजची हजेरी लागलीच पाहिजे! नीरजने यंत्रातला जुना चेहरा पुसला आणि निरंजनला समोर उभं करून नवा भरला. सुजलेला, रडलेला, उजवीकडून सुमेध. बाई गोड आवाजात म्हणाली, "धन्यवाद, निरंजन लघाटे जी." आणि मग त्याला घरी पाठवलं.

डॉक्टरला रिक्षात बसवून अनुश्रीने निरंजनला स्कूटरवर मागे बसवलं, ते नुसतं बोट दाखवून. खड्डे मात्र तिने सगळे चुकवले.

आठवडाभर निरंजन पलंगावर पडून राहिला. पेज, मऊ भात, थंड दूध. रोज संध्याकाळी मिठाच्या कोमट पाण्याने अलगद गुळणी. डॉक्टरने टाके काढले, गाल आत गेला. आरशात पूर्वीचा लघाटे दिसायला लागला. बरा होऊन, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो गोदामाच्या दारात उभा राहिला.

"क्षमा कीजिए," बाई म्हणाली. "चेहरा मेल नहीं खाता."

"निकर जाओ, साब," रामसेवक काठी बाजूला घेत, ओळखीचं हसत अदबीने म्हणाला. "अब तो हम चीनत हैं."

पण हजेरी सेठच्या मोबाइलवर जाणार, तिथे नावापुढे रिकामी जागा दिसणार! निरंजन दारातून हलेना. नीरजने डोकं खाजवलं. "सर, अंदर तो सूजन वाली फोटो है. बार-बार बदलो तो मशीन लॉक हो जाती है, कानपुर से आदमी बुलाना पड़ेगा. तब तक..." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "गाल फुला के देखिए ना."

निरंजनने आधी डॉक्टरला फोन करून विचारलं. "काका," ती म्हणाली, "आता फुगे फुगवा! पिपाणी वाजवा!" मग त्याने उजव्या गालात हवा भरली.

"धन्यवाद, निरंजन लघाटे जी."

तेव्हापासून तो रोज गाल फुगवून हजेरी लावायला लागला. लोकांना सवय झाली. कानपूरचा माणूस काही येईना. आणि एका शनिवारी, तो गाल फुगवून यंत्रासमोर उभा असताना, मागून खांद्यावर हात पडला.

"अरे, लघाटे जी!" द्वारका सेठ कळवळून म्हणाला. "फिर सूज गया? नहीं नहीं, एक शब्द नहीं बोलना है! उस दिन बड़ी ग़लती हुई थी हमसे. सीधे घर! हमारी गाड़ी में!"

सेठ दारात उभा राहून बघत होता, म्हणून निरंजनने गाल तसाच ठेवला. गाडीत बसल्यावर ड्रायव्हर आरशातून दयेने बघायला लागला, म्हणून तसाच ठेवला. नाकाने श्वास घेत, सगळ्या बाजारातून, दतिया गेटपर्यंत, तसाच ठेवला.

शनिवारी अनुश्रीला सुट्टी असायची. तिने दार उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. "अहो! काय झालं? इतक्यात कसे आलात?"

गाडी गल्लीतून वळून दिसेनाशी होईपर्यंत निरंजन थांबला. मग त्याने तोंडातली हवा सोडली.

"गाल सुजला म्हणून सेठने सुट्टी दिली," तो म्हणाला.

अनुश्रीने त्याचा गाल इकडून पाहिला, तिकडून पाहिला. "कुठाय सूज?"

"उतरली," निरंजन म्हणाला आणि चपला काढून मुकाट्याने पलंगावर जाऊन आडवा झाला.